लैंगिक आरोग्य : कुणाला विचारायचं, कुठं जायचं?

(मुळशी तालुक्यात तरुण-तरुणींच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचं हे लिखित रूप आहे.)



मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली काही वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. तरीही या विषयावर मी बोलावं असं आयोजकांना वाटलं, त्याचं कारण साधं आहे. ऑफिसातली, मोहल्ल्यातली, नात्यातली मुलं मला एकटं गाठून एकाच प्रकारचे प्रश्न विचारतात. "भाई, एका मित्राला विचारायचंय..." अशी सुरुवात होते. तो मित्र कोण, हे दोघांनाही माहीत असतं. अमुक झालं तर एचआयव्ही होतो का, चाचणी कुठं करायची, घरी कळेल का, नोकरी जाईल का, लग्न मोडेल का. मला उत्तरं येत नव्हती म्हणून मी ती शोधायला लागलो. काय सापडलं आणि कुठं सापडलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आमची पिढी शाळा-कॉलेजात होती तेव्हा, २००७ मध्ये, विधिमंडळात गदारोळ झाला आणि शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रात बंद करण्यात आला. संस्कृती बिघडेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. संस्कृतीचं काय झालं ते बाजूला ठेवू. माहितीचं काय झालं ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसतं. ही पाहणी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. देशातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांना आणि ३१ टक्के पुरुषांनाच एचआयव्हीबद्दल पुरेशी माहिती होती. पुरेशी म्हणजे काही फार मोठी अपेक्षा नव्हे. निरोधानं धोका कमी होतो, धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही एचआयव्ही असू शकतो, डास चावून किंवा एका ताटात जेवून तो होत नाही, एवढंच. देशात आज सुमारे पंचवीस लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे.

"आपल्यात हे होत नाही"

आपल्या घरांत एक वाक्य वारंवार ऐकू येतं : "आपल्यात हे होत नाही." त्याला दोन आधार दिले जातात. एक, आपल्याकडे दीन आहे, संयम आहे. दुसरा, आपल्याकडे खतना होतो. या दोन्ही गोष्टींबद्दल आपल्या पुण्यातच संशोधन झालेलं आहे, आणि जगभरचे डॉक्टर त्याचे दाखले देतात.

भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे. १९९२ मध्ये सुरू झालेली ही संस्था 'नारी' या नावानं ओळखली जायची, आता तिचं नाव बदललं आहे. आपण बसलोय तिथून ती तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग क्लिनिकमध्ये आलेल्या ९१६ स्त्रियांचा तिथल्या संशोधकांनी अभ्यास केला. त्यांपैकी ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक जणी विवाहित, नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यापैकी १३.६ टक्के जणींना एचआयव्ही झालेला होता. हा आकडा क्लिनिकमध्ये आलेल्या बायकांचा आहे, सगळ्या शहराचा नाही, हे लक्षात घ्या. पण त्यातून जे कळलं ते फार महत्त्वाचं होतं. या बायकांची 'जोखमीची वागणूक' एकच होती, ती म्हणजे लग्न. १९९७ मध्ये हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. त्याचे पहिले लेखक डॉ. रमण गंगाखेडकर. कोविडच्या काळात टीव्हीवर रोज संध्याकाळी शांतपणे माहिती देणारे तेच.

म्हणजे बाई स्वतः कितीही संयमी असली, तरी नवरा कुठून काय घेऊन आला यावर तिचं आरोग्य ठरतं. 'आपल्यात होत नाही' म्हणत आपण चाचणी टाळतो तेव्हा त्याची किंमत बहुतेक वेळा आपल्या भाभी, आपा आणि बहिणी मोजतात.

आता खतन्याबद्दल. हाही अभ्यास पुण्यातलाच, २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेला. गुप्तरोग क्लिनिकमध्ये येणाऱ्या, सुरुवातीला एचआयव्ही नसलेल्या २,२९८ पुरुषांवर संशोधकांनी लक्ष ठेवलं. खतना झालेल्यांना एचआयव्ही होण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं. पुढे दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडामध्ये मोठ्या चाचण्या झाल्या. तिथं पुरुषांचा धोका साधारण ६० टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. हे ऐकून काही जण खूश होतील. थांबा, पुढचंही ऐका. ६० टक्के कमी म्हणजे ४० टक्के शिल्लक. पुण्याच्या त्याच अभ्यासात सिफिलिस, गनोरिया आणि नागीण गटातला जननेंद्रियांचा हर्पिस यांच्यापासून खतन्यानं काहीही संरक्षण दिल्याचं दिसलं नाही. आणि नवऱ्याला आधीच एचआयव्ही असेल तर त्याच्या खतन्यानं बायकोचं संरक्षण होत नाही, हे युगांडातल्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे "माझा खतना झालाय, मला निरोधाची गरज नाही" हे वाक्य अर्धवट माहितीवर उभं आहे. चुकीच्या माहितीपेक्षा अर्धवट माहिती पकडायला अवघड असते, कारण तिच्यात थोडं खरं असतं.

लाजेवर चालणारा बाजार

पुणे स्टेशनपासून पौड रस्त्यापर्यंत कुठंही भिंती बघा. 'गुप्तरोग, नामर्दपणा, स्वप्नदोष, शर्तिया इलाज.' खाली मोबाइल नंबर. आता भिंतींची जागा फोनच्या पडद्यानं घेतली आहे. रात्री एक वाजता तुम्ही काहीतरी शोधता आणि दुसऱ्या दिवसापासून तीच जाहिरात तुमचा पाठलाग करते. ही यंत्रणा कशी चालते ते आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चांगलं माहीत आहे. तुमची भीती हीच तिथली खरी माहिती असते, आणि ती विकली जाते.

अशा जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. औषधे आणि जादुई उपचार कायदा असं त्याचं नाव. गुप्तरोग बरे करण्याची, लैंगिक शक्ती वाढवण्याची जाहिरात करणं हा त्याखाली गुन्हा आहे. या कायद्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं ते हमदर्द दवाखान्यानं, ज्यांचं रूह अफजा आपल्या घराघरात इफ्तारला असतं. १९६० च्या सुमारास निकाल लागला. कोर्टानं काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. आजाराची जाहिरात हा शुद्ध व्यापार आहे, तिला अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं संरक्षण मिळत नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. याशिवाय एड्स बरा करतो असा दावा कोणत्याही औषधाच्या वेष्टनावर करायलाही बंदी आहे. तेव्हा 'एड्सवर खात्रीशीर औषध' असं कुणी म्हणालं, तर त्याचं शिक्षण, त्याची दाढी, त्याची टोपी किंवा त्याचा भगवा काहीच न बघता उठून बाहेर पडा.

हा बाजार चालतो कसा, ते एका उदाहरणानं सांगतो. आमच्या नात्यातला एक मुलगा. आयटी कंपन्यांच्या कॅब चालवतो, माणजवळ खोली घेऊन राहतो, बायको गावी. त्याच्या परवानगीनं सांगतोय, ओळख पटेल असं सगळं गाळून. त्याला लघवीच्या जागी एक फोड आला. दुखत नव्हता. घाबरून तो अशाच एका जाहिरातवाल्याकडे गेला. त्यानं पुड्या दिल्या, दर आठवड्याला पैसे घेतले. महिन्याभरात फोड गेला. मुलगा खूश, त्यानं आणखी दोघांना तो पत्ता दिला.

यातली गंमत अशी की सिफिलिसचा पहिला फोड दुखत नाही, आणि औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत आपोआप जातो. रोग मात्र शरीरात राहतो. जाहिरातवाल्याला हे माहीत असो वा नसो, श्रेय त्याला मिळतं. काही महिन्यांनी मुलाच्या तळहातांवर आणि तळपायांवर डाग उठले. तोपर्यंत बायकोला दिवस गेले होते. तिची गरोदरपणातली नेहमीची रक्ततपासणी झाली तेव्हा सिफिलिस कळला. मग सरकारी दवाखान्यात दोघांनाही पेनिसिलिनची इंजेक्शनं मिळाली, ज्या औषधानं हा रोग बरा होतो हे ऐंशी वर्षांपासून माहीत आहे. दोघांची एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह आली. बाळ वेळेवर आणि ठणठणीत जन्मलं. पण गरोदरपणात सिफिलिसवर उपचार झाले नाहीत तर मूल पोटातच दगावू शकतं. त्या घरात हे घडलं नाही, कारण गावातल्या आशाताईंनी हट्टानं त्या मुलीला तपासणीला नेलं होतं.

त्या मुलानं मला विचारलं, "भाई, पहिल्या दिवशी मी नेमकं कुठं जायला पाहिजे होतं?" आजच्या भाषणात मला याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे.

माहिती तपासायची कशी?

कुठं जायचं हे सांगण्याआधी, फोनवर जे वाचता त्याबद्दल. शोधू नका असं मी सांगणार नाही, सगळेच शोधतात. पण आमच्या कामात जशी आम्ही एखादी गोष्ट वापरण्याआधी तपासतो, तसे चार प्रश्न विचारा.

पहिला : सांगणारा कोण आहे? नाव, पदवी, संस्था दिसते का? 'नॅको' म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, आपली महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, जागतिक आरोग्य संघटना, ओळखीचं सरकारी रुग्णालय, पुण्यात अनेक वर्षं एचआयव्हीवर काम करणारी 'प्रयास'सारखी संस्था. यांच्याकडची माहिती चुकली तर त्यांना जाब विचारता येतो.

दुसरा : माहिती कधीची आहे? एचआयव्हीच्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा. १९९५ मध्ये लिहिलेलं 'एड्स म्हणजे मृत्यू' हे वाक्य तेव्हा आपल्याकडच्या बहुतेकांसाठी खरं होतं. आज ते खोटं आहे.

तिसरा : हा माणूस शेवटी मला काहीतरी विकतोय का? माहिती देऊन झाल्यावर पुडी, तेल, कोर्स किंवा 'फक्त आजच सवलत' आली, तर आधीची सगळी माहिती त्या विक्रीसाठीच होती असं समजा.

चौथा : तो मला तपासणीकडे पाठवतोय की तपासणीपासून लांब ठेवतोय? लक्षणांवरून कुणालाही एचआयव्ही ओळखता येत नाही. डॉक्टरलाही नाही, व्हिडिओलाही नाही, आणि हल्ली ज्याला सगळे विचारतात त्या चॅटबॉटलाही नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं.

मुळशीतून कुठं जायचं?

सुरुवात फोनपासून. १०९७ हा नॅकोचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. मराठी, हिंदी अशा अनेक भाषांत बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही. ज्यांना समोरासमोर बोलायचं धाडस होत नाही, त्यांनी इथून सुरुवात करावी.

चाचणीसाठी 'आयसीटीसी' हे शब्द लक्षात ठेवा. सरकारी रुग्णालयातलं एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्र म्हणजे आयसीटीसी. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती वाटत असेल तर औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम किंवा पुण्यातलं ससून आहे. तुम्ही कोणत्या तालुक्यात राहता याला महत्त्व नाही, कुठल्याही केंद्रात जाता येतं. आधी समुपदेशक तुमच्याशी बोलतात, तुमची संमती घेतात, मग थोडं रक्त घेतात. पैसे लागत नाहीत. पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली तर लगेच 'पॉझिटिव्ह' म्हणत नाहीत. वेगवेगळ्या किटवर तीन चाचण्या जुळल्या तरच तसं सांगतात. निकाल तुम्हालाच सांगतात, घरी पत्र जात नाही.

वेळेचं गणितही समजून घ्या. संसर्ग झाल्यावर चाचणीत तो दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून कालच्या घटनेसाठी आज केलेली चाचणी निगेटिव्ह आली तर तिचा उपयोग मर्यादित आहे. तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. पण कालच्या घटनेसाठी दुसरं काहीतरी करता येतं. धोका झाल्याची शक्यता असेल, बलात्कार झाला असेल, निरोध फाटला असेल, तर ७२ तासांच्या आत पीईपी नावाची औषधं सुरू करता येतात. ती २८ दिवस घ्यायची असतात. जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली, म्हणून सोमवारची वाट बघत बसू नका. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जाऊन थेट विचारा. आणि चाचणी करायची म्हणून रक्तदान शिबिरात जाऊ नका. नुकताच झालेला संसर्ग तिथंही सुटू शकतो, आणि मग ते रक्त कुणाला तरी चढवलं जाईल.

फोड, स्राव, खाज, लघवीला जळजळ असा त्रास असेल तर जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथं तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जोडीदारालाही औषध दिलं जातं, नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे रोग फिरत राहतो. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहेत. पाळीपासून ते मनातल्या भीतीपर्यंत काहीही तिथं विचारता येतं. आणि भीतीनं झोपच लागत नसेल, जिवाचं बरं-वाईट करावंसं वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानस क्रमांक आहे.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर? तर एआरटी केंद्रात नाव नोंदवायचं. एप्रिल २००४ पासून सरकार ही औषधं मोफत देतं. आता निदान झालं की लगेच उपचार सुरू करतात. बहुतेकांना दिवसाला एक गोळी. ती रोज घेतली तर विषाणू इतका दबतो की रक्ताच्या चाचणीत मोजता येत नाही, आणि तसा दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला तो लागत नाही. या शोधातही पुण्याचा वाटा आहे. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात पुण्यातली जोडपीही होती. २०११ मध्ये त्याचा निष्कर्ष आला : लवकर उपचार सुरू केल्यानं जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी झाला. आईला उपचार मिळाले तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. उपचारांशिवाय ती १५ ते ४५ टक्के असते.

पुण्यातल्या सामान्य बायका-पुरुषांनी रक्त दिलं, वर्षानुवर्षं क्लिनिकमध्ये फेऱ्या मारल्या, त्यातून जगाला हे कळलं. ते मुळशीतल्या मुलांपर्यंत पोचू नये याचं मला वाईट वाटतं.

कायदा तुमच्या बाजूनं आहे

'घरी कळेल, नोकरी जाईल' ही भीती उगाच आलेली नाही. गोव्यातल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाचं उदाहरण घ्या. तो नियमित रक्तदान करायचा. १९८९ मध्ये त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला, आणि पोलिसांनी त्याला उचलून म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटं कोंडलं. गोव्याचा तेव्हाचा आरोग्य कायदाच तसा होता. त्याची आई ल्युसी हायकोर्टात गेली. कोर्टानं त्याला सोडण्याचा आदेश दिला, पण ती तरतूद चुकीची ठरवली नाही. पुढे डॉमिनिकनं १९९२ मध्ये एचआयव्ही असलेल्यांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला.

१९९७ मध्ये मुंबई हायकोर्टानं वेगळी वाट घेतली. एका कामगाराला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कंपनीनं कामावर घेतलं नव्हतं. काम करायला सक्षम असलेल्या माणसाला या कारणानं नाकारता येणार नाही, असा निकाल कोर्टानं दिला. त्या कामगाराचं नाव आजही कुणाला कळलेलं नाही. निकालात तो फक्त 'एमएक्स' आहे आणि कंपनी 'झेडवाय'. नाव झाकून न्याय मागता येतो, हे त्या खटल्यानं दाखवलं.

आता २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. संमतीशिवाय निकाल कुणाला सांगता येत नाही. कायद्यानं घालून दिलेले मोजकेच अपवाद आहेत, उदाहरणार्थ जोडीदाराला खरा धोका असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकानं ठरलेल्या पद्धतीनं त्याला कळवणं. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचं घर यांत भेदभाव करता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं तक्रार अधिकारी नेमायचा असतो. हिंजवडीतल्या आणि पिरंगुटच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांनी आपल्या एचआरला एकदा विचारून बघा, आपल्याकडे तो कोण आहे?

हा कायदा लागू होण्याच्या चार दिवस आधी, ६ सप्टेंबर २०१८ ला, सुप्रीम कोर्टानं प्रौढांचे संमतीनं असलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. समलिंगी आणि तृतीयपंथी मुलं आपल्याही मोहल्ल्यात आहेत, आपल्याही घरांत आहेत. गुन्हेगार ठरण्याच्या भीतीनं दवाखान्यापासून सर्वांत लांब राहिले ते हेच. त्यांना टोमणे मारून आपण त्यांना पुन्हा त्या भिंतीवरच्या नंबरकडे ढकलतो.

लाज आणि आपण

"हे सगळं खरं, पण आपल्यात असं बोलत नाहीत," असं कुणीतरी म्हणणारच. हदीसच्या सर्वमान्य ग्रंथांत उम्मे सुलैम यांची गोष्ट आहे. त्या पैगंबरांकडे गेल्या आणि स्त्रीला झोपेत उत्तेजना येऊन स्राव झाला तर गुस्ल करावा लागतो का, असा सरळ प्रश्न इतरांसमोर विचारला. सत्य विचारताना अल्लाहला संकोच नाही, अशा अर्थाची सुरुवात करून विचारला. त्यांना कुणी गप्प केलं नाही, उत्तर मिळालं. हजरत आएशांनी पुढे अन्सार स्त्रियांचं कौतुक केलं ते याच गुणासाठी. चौदाशे वर्षांपूर्वी बाई विचारू शकत होती, आणि आज आपल्या घरात मुलगी अम्मीला पांढरं जातंय हे सांगायला घाबरते. याला परंपरा म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

मराठीतही विचारण्याची परंपरा आहे, आणि तिची किंमत लोकांनी मोजली आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. लैंगिक प्रश्न विचारणाऱ्या वाचकांना ते छापील उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोक अज्ञानातून प्रश्न विचारतात, त्यांना उत्तर देणं अश्लील कसं, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ पर्यंत, त्यांच्या निधनापर्यंत, चालू राहिलं.

आपल्याला खटल्याची भीती नाही. मग आपण काय करू शकतो? तीन गोष्टी सुचवतो.

निकाह ठरला की हॉल, जेवण, मेहर यांची बोलणी होतात. त्याच वेळी मुलानं आणि मुलीनं, दोघांनीही मिळून, आपणहून आयसीटीसीत जावं. मुलानं पुढाकार घ्यावा, कारण मुलीनं सुचवलं तर तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवतात. जमातीनं मात्र चाचणीचा दाखला सक्तीनं मागू नये. सक्ती कायद्यात बसत नाही, आणि सक्ती झाली की खोटे दाखले येतात.

दुसरी गोष्ट, १०९७ हा नंबर दिसेल अशा जागी लावा. तालमीत, कॅबच्या स्टँडवर, अभ्यासिकेत, मुलींच्या शिलाई वर्गात. तुमच्या मशिदीचे ट्रस्टी आणि इमामसाहेब समंजस असतील तर तिथल्या सूचना फलकावरही. खाली एकच ओळ लिहा : मोफत, मराठीत, नाव न सांगता.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. कुणी येऊन 'एका मित्राला विचारायचंय' म्हणालं तर हसू नका, उपदेश करू नका, आणि दुसऱ्या कुणाला सांगू नका. कुठं जायचं ते सांगा. गरज वाटली तर सोबत जा. औंधच्या रुग्णालयाच्या बाकावर शेजारी बसून राहायला डॉक्टर असावं लागत नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या खोलीत थांबणार आहे. सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, नाव नको. मला उत्तर येत नसेल तर तुमच्यासमोरच १०९७ वर फोन लावू आणि दोघं मिळून विचारू.